अर्ध्या केसांवर दिलेला नकार

पार्लरच्या खुर्चीत बसलेली बाई कधीच चुकत नसते, हा होताईच्या धंद्यातला पहिला नियम. दुसऱ्या नियमाची तिला कधी गरजच पडली नाही. एखादी म्हणाली, यंदा ऊन फार आहे, की ताई म्हणायची, "हो ना, अंगाची नुसती लाही होते." तिच्यामागून आलेली म्हणाली, यंदा ऊन म्हणून जाणवतच नाही, की तिलाही तितक्याच मनापासून, "हो ना, किती सुसह्य आहे." सासूचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या सुनेला हो, आणि पंधरवड्यानं तीच सासू केस रंगवायला आली की तिलाही हो. यात लबाडी नव्हती. कुणाच्या मानेशी कात्री धरलेली असताना वाद घालायचा नसतो, हे तिला तिच्या पहिल्या मालकिणीनं शिकवलं होतं. कात्री जशी हातात बसली, तसं ते तिच्या जिभेवर बसलं. मागाहून गिऱ्हाइकांनीच तिचं नाव 'होताई' पाडलं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "हो ना, बरोबरच आहे की."

पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन आरसे, दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, आणि डाव्या भिंतीला कायमची ओल. रंग दिला की चार महिन्यांत पापुद्रे सुटायचे. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि आणखी एक खोली. नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर वरखाली करतो, पण पोचत कुठंच नाही," असं तो स्वतःबद्दल सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मुलीला घरात 'बुटकी' म्हणत. दहावीला येईपर्यंत ती आईच्या डोक्यावरून पलीकडचं पाहायला लागली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

बुटकी नववीत गेली आणि पार्लरमधल्या गप्पांचा रंग बदलला. म्हणजे गप्पा आधीपासून त्याच होत्या, ताईचे कान आता टवकारले एवढंच. ज्या बाईच्या घरात शाळकरी पोर आहे, तिच्या तोंडी एकच विषय, कॉलेज. पूर्वी शाळा संपली की निकाल हातात घेऊन माणूस रांगेत उभा राहायचा. आता नववीतच सुरुवात. कुठले विषय ठेवायचे, कुठले सोडायचे, कुठला क्लास लावायचा. नुसत्या मार्कांवर भागत नाही, पोहता यायला हवं, भाषण करता यायला हवं, दवाखान्यात जाऊन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायला हवा. आया खुर्चीत डोळे मिटून हे सगळं सांगत आणि ताई कंगवा फिरवत म्हणे, "हो ना, आतापासूनच बघायला हवं."

या सगळ्यांत डॉक्टरबाईंचं बोलणं वेगळं होतं. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. महिन्यातून एकदा यायच्या, कपाळावर बटा आणि खांद्यापर्यंत केस असा त्यांचा वर्षानुवर्षांचा कट करून घ्यायच्या. बुटकीला लहानपणी चष्मा लागला तेव्हा त्यांनीच तपासलं होतं आणि पैशांचं नाव काढू दिलं नव्हतं. एकदा कोपऱ्यात बसून गणितं सोडवणाऱ्या मुलीकडे त्यांनी आरशातून पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे तुझी. मेडिकलला घाल."

"हो ना," ताई म्हणाली. "माझ्याही मनात तेच आहे."

मनात होतं का? त्या क्षणी आलं, असं म्हणता येईल. पण एकदा आलं ते मुक्कामालाच राहिलं. मुलगी पांढऱ्या कोटात, बाहेर माणसं बाकावर बसलेली, आत जाताना दारात अदबीनं चपला काढणारी. शिवाय मेडिकल कॉलेज याच शहरात होतं. बसनं जायचं, संध्याकाळी घरी यायचं. हे शेवटचं कारण ताईनं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.

त्यानंतर डॉक्टरबाई दर महिन्याला एकेक पायरी सांगत गेल्या. दहावी झाली की शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी एक क्लास आहे, तिथं जागा मिळणं कठीण, पण चालवणारा माझ्या ओळखीचा, मी शब्द टाकेन. "मला असं सांगणारं कुणी नव्हतं गं," त्या म्हणायच्या. "विषय चुकीचे घेतले आणि एक अख्खं वर्ष हातचं गेलं. तुझ्या पोरीचं तसं नको व्हायला."

"हो ना. तुमचे फार उपकार."

याच काळात पडद्यामागे एक दुसराच बेत शिजत होता. नववीतच भूगोलाच्या बाईंनी मुलांना आपापल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगितला. बुटकीनं नगरवाचनालयात जाऊन जुना नकाशा धुंडाळला आणि धावत घरी आली. ताई तेव्हा पार्लर आवरत होती.

"आई, आपल्या भिंतीचा काही दोष नाही. आपण नदीत राहतो!"

"काय गं हे?"

"अगं, खरंच. पूर्वी नदी इथून वळायची. आपली गल्ली जुन्या पात्रावर आहे. पाणी वरून दिसत नाही, पण खाली ओल आहेच. म्हणून रंग टिकत नाही."

"हो ना, बाई," ताई केसांचा पुंजका सुपलीत गोळा करत म्हणाली.

"मला हेच शिकायचंय. नद्या, जमीन, नकाशे. पलीकडच्या शहरात त्याचं कॉलेज आहे. तिथं जायचं तर शेवटची दोन वर्षं भूगोल आणि गणित घ्यावं लागतं. जाऊ मी?"

"हो ना, जा की."

एवढंच. ताई ते बोलणं केसांबरोबर गोळा करून टाकून मोकळी झाली. बुटकीनं मात्र ते जपून ठेवलं. तिनं कच्चं गणित पक्कं केलं. त्या कॉलेजची मुलं शनिवारी सकाळी इथल्या नदीच्या पुलावर येत; भूगोलाच्या बाईंच्या ओळखीनं तीही तिथं जायला लागली. पाणी किती चढलं, किती गाळ वाहतोय ते मोजायला. घरी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "हो, जा, तेवढंच मोकळ्या हवेत फिरणं होतं." एका घरात दोन बेत, दोन वर्षं सुखानं नांदले. कारण दोन्हींना होकार देणारं तोंड एकच होतं.

दहावी संपत आली. सोमवारी शाळेला विषय कळवायचे होते. त्याआधीच्या बुधवारी डॉक्टरबाईंचा फोन आला. जागा झाली. रविवारी सकाळी क्लासवर जाऊन नाव पक्कं करायचं, त्या स्वतः येणार. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घ्यायचं, बाकीचं सोडायचं, शाळेत हजेरीपुरतं जायचं. ताईनं हातातला रंगाचा ब्रश तसाच वाटीत टाकला. संध्याकाळी मुलगी दारात दिसताच ती म्हणाली, "बुटके, मिळाली! जागा मिळाली!"

"कसली जागा?"

"मेडिकलच्या क्लासची. डॉक्टरबाईंनी शब्द टाकला. रविवारी जायचंय."

बुटकीनं दप्तर खाली ठेवलं नाही. "आई, भूगोलाला तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले असेन."

"असेन नाही. म्हणालीस. इथंच उभी राहून."

"अगं, पण तू ते एवढं मनावर घेशील हे मला काय माहीत?"

"मग काय करायचं असतं? हो म्हटलं की?"

आतून नवरा चहाचा कप घेऊन पडद्यापर्यंत आला.

"आई, तू बायकांना म्हणतेस ना, शोभतंय हो, छान दिसतंय हो, तसंच म्हणालीस का मला?" मुलीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मी काही खुर्चीत बसले नव्हते."

"हा मुद्दा बिनतोड आहे," नवरा म्हणाला. "आमच्या लग्नाला हो म्हणाली तेव्हा मीही उभाच होतो, पण आता मलाही शंका यायला लागलीय."

"तुम्ही जरा गप्प बसाल का!"

मुलगी आत निघून गेली. तिनं दार आपटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी ताईला स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागलं. एक बाई म्हणाली, लाल रंग करू का, तर हो ना. दुसरी म्हणाली, आजकालच्या मुली आयांचं ऐकत नाहीत, तर हो ना. तिसरी म्हणाली, मुलांच्या मनाप्रमाणे करू द्यावं बाई, तर हो ना. तिला पहिल्यांदाच धडकी भरली. या सगळ्यांत आपलं असं एक तरी हो आहे का? दुपारी तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? डॉक्टर की नदी?"

"मला लिफ्टमधलं कळतं," तो म्हणाला. "पण बटण दाबायचं ते आत उभ्या असलेल्या माणसानं. बाहेरच्यानं दाबलं तर आतला भलत्याच मजल्यावर उतरतो."

"सरळ सांगता येत नाही तुम्हाला."

"तुला येतं?"

शनिवारी सकाळी मुलगी निघाली तेव्हा ताईनं पार्लरच्या दारावर 'दुपारी उघडेल' अशी पाटी लावली आणि चपला घातल्या. शनिवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस. पाटी पाहून शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. "कोण आजारी आहे का, ताई?"

"हो—नाही. नाही, कुणी नाही."

मायलेकी चालत नदीवर पोचल्या. पुलावर कॉलेजची चारपाच मुलं आधीच आली होती. एका खांबावर पांढऱ्या-काळ्या रेघांची पट्टी रंगवलेली होती आणि तपकिरी पाणी तिच्या मधोमध खेळत होतं. बुटकीनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि बघता बघता ती दुसरीच कुणीतरी झाली. "दोरी ढिली सोड. अजून. अरे, बाटली तिरकी येतेय, गाळ कसा येणार त्यात?" समोरचा मुलगा तिच्याहून वयानं मोठा, कॉलेजातला, पण तो निमूटपणे दोरी सारखी करत होता. बाटली वर आली तेव्हा बुटकीनं ती उजेडात धरली आणि तिच्यातून पलीकडे पाहत राहिली. घरी ती कुठल्याच गोष्टीकडे असं पाहत नसे.

ताईला त्या गढूळ पाण्यात विशेष काही दिसलं नाही, हे खरं. तिनं बाजूला उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीला हळूच विचारलं, "पोरी, यात पुढे नोकरी लागते का गं?"

"लागते, काकू," ती म्हणाली. "पण लगेच नाही. आणि कुठं लागेल ते आपल्या हातात नसतं. माझी मोठी बहीण बँकेत आहे, तिचं माझ्याआधी सगळं मार्गी लागलं."

या पोरीनं खोटं सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं, असं ताईला वाटून गेलं.

"मग तू का शिकतेस हे?"

"आता सोडवतच नाही," ती म्हणाली आणि हसली. "तुमची मुलगी आमच्यापेक्षा चांगलं मोजते हं. आम्ही तिला वाट बघायला लावली की ओरडते."

परत येताना ताईनं विचारलं, "आणि ते कॉलेज लांबच आहे ना?"

"आहे. वसतिगृहात राहावं लागेल. ते पण दोन वर्षांनी, प्रवेश मिळाला तर. मिळेलच असं नाही."

"हं," ताई म्हणाली. हो म्हणाली नाही. मुलीनं एकदा वळून पाहिलं.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. रविवारी क्लासचं आटोपून पुढे त्यांना कुठल्या परिषदेत बोलायचं होतं, म्हणून केस नीट करून घ्यायचे होते. ताईनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले, डावी बाजू क्लिपांनी वर अडकवली आणि उजवीकडून सुरुवात केली. कात्री चालत होती आणि ताई मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. कट पूर्ण झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

"उद्या दहा वाजता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेवर या. तो माणूस वेळेचा पक्का आहे. पोरगी खूश असेल ना?"

"हो ना," ताईच्या तोंडून निघालं. आणि ते ऐकून तिलाच असा काही राग आला की हातातली कात्री हवेतच थांबली. "नाही."

"काय नाही?"

"ती खूश नाही. ती येणार नाही, डॉक्टरबाई."

डॉक्टरबाईंनी आरशात पाहिलं. उजवीकडे नीट कापलेले केस, डावीकडे क्लिपांचं शिंगासारखं बोंड, मध्ये त्यांचा चकित चेहरा. "बुधवारी तर तू फोनवर—"

"बुधवारी मी हो म्हणाले. त्याआधी दोन वर्षं म्हणत आले. तिला विचारलंच नाही. तुम्ही बोलायचात, मी हो म्हणायचे. सवय लागली हो तोंडाला. तिला भूगोल घ्यायचाय, दर शनिवारी उन्हात पुलावर उभी राहून नदी मोजते. तिलाही मी त्याच काळात हो म्हणून बसलेय."

डॉक्टरबाई उठायला गेल्या, आरशात पुन्हा स्वतःला पाहिलं आणि खाली बसल्या. "जाऊ तरी कुठं अशी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचा स्वर बदलला. "मी शब्द टाकला होता गं. क्लासवाल्यानं दुसऱ्या एका मुलीला नाही म्हणून सांगितलं. माझ्या शब्दावर."

हे ताईला ठाऊक नव्हतं. एका 'हो'ची शेपूट कुठवर गेली होती! "माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं."

"माझा फोन दे."

ताईनं फोन दिला. कापडाखालून एक हात बाहेर काढून, कापलेल्या बाजूच्या कानाला फोन लावून डॉक्टरबाईंनी क्लासवाल्याला सांगितलं, की त्या मुलीला आजच्या आज परत बोलवा, जागा तिची. दोनदा सांगितलं. फोन ठेवला आणि कापडाखाली हात परत घेतला.

"कर पुरं," त्या म्हणाल्या.

ताई डावीकडच्या क्लिपा काढू लागली. मग डॉक्टरबाई अचानक म्हणाल्या, "थांब. या बटा. दर वेळी विचारते मी तुला, शोभतात का. दर वेळी तू हो म्हणतेस."

ताईनं कंगवा घट्ट धरला.

"खरं सांग."

"कपाळ मोकळं हवं तुमचं," ताई म्हणाली. "बटांनी चेहरा जड दिसतो."

"कधीपासून वाटतंय तुला असं?"

"पहिल्या दिवसापासून."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलले तेव्हा ताई घाबरली. मग कळलं, त्या हसतायत. पूर्ण आनंदाचं हसू ते नव्हतं, पण रडू नक्कीच नव्हतं. "बटा आहेत तशाच काप," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवसाला एवढं खरं पुरे."

कट झाला. त्यांनी पैसे टेबलावर ठेवले, नेहमीसारखं 'येते' म्हटलं नाही. दारात पोचल्यावर न वळता म्हणाल्या, "उन्हात पुलावर उभी राहते ना ती? चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणावं. बरेच महिने झाले." आणि गेल्या. पुढच्या महिन्यात येतील की नाही, ताईला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी बुटकी पार्लरमध्ये येऊन मोकळ्या खुर्चीच्या पाठीला टेकली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"लागलं त्यांना. लागणारच." ताईनं आरसा पुसायचं थांबवलं. "सोमवारी भूगोल आणि गणित लिहून दे. आणि ऐक, तू डॉक्टर झालेली मला आवडलं असतं. फार आवडलं असतं. हे तुला माहीत असू दे."

मग जरा चाचपडत, पाय टाकण्याआधी जमीन बघावी तसं, मुलीनं विचारलं, "आणि प्रवेश मिळाला तर? वसतिगृहात राहायला गेलेलं चालेल तुला?"

"नाही," ताई म्हणाली. "अजिबात चालणार नाही. घर खायला उठेल मला."

बुटकीचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग हळूहळू उजळत गेला. बुधवारपासून ती ज्याची वाट पाहत होती ते आईचं स्वतःचं उत्तर तिला आत्ता मिळालं होतं.

"पण तू जा," आई म्हणाली.